गोवराच्या घरातली फोडणी

पनवेलच्या खाडीकाठी, मिठागरांना लागून जे आगरी लोकांचं गाव होतं, तिथे गोवर आला की आधी भामाला बोलावणं जायचं आणि मग, जमलंच तर, डॉक्टरला. बहुधा जमायचं नाही. भामा पन्नाशीची, विधवा, आवाजाने खणखणीत. पोराच्या अंगावर पुरळ उठलं की ती येऊन कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "माउली आली." तिथून पुढे त्या घरात तिचंच राज्य. दाराला कडुनिंबाचा पाला, मासळी बंद, आणि सगळ्यात कडक नेम म्हणजे फोडणी बंद. मोहरी तडतडली की माउलीच्या अंगाची आग होते, असं भामाला तिच्या सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. तिसऱ्या दिवशी गावातली सगळी पोरं आणून आजारी पोराच्या पाया पडवायची आणि त्याच्या हातून एकेकाला गुळाचा खडा द्यायचा, हे कामही भामाचंच. पोरं कमी जमली तर तिला राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सोनाबाईच्या रामूला गोवर आला, तेव्हा भामाची लेक रंभा उरणहून माहेरी आली होती. रंभाचा गणू पाच वर्षांचा; धाकट्या कमळीला ती उरणला सासूपाशी ठेवून आली होती. भामाने त्याचा हात धरून त्याला रामूकडे नेलं, पाया पडायला लावलं, गूळ खायला दिला. रंभा अजून माहेरीच होती आणि गणूला ताप भरला. मग पुरळ आलं, मग खोकला छातीत उतरला, आणि पुरळ काळं पडायला लागलं तेव्हा गणू गेला.

गाव अंगणात जमलं. असं का झालं हे सांगणं भामाच्या अंगावर आलं, कारण जाणती तीच. न सांगती तर जाणतेपण गेलं असतं. तिने आठवून आठवून कारण काढलं. गणूला ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी रंभाने वालाच्या आमटीला फोडणी दिली होती. "माउली घरात येत व्हती नि तू तिच्या अंगावर कडकडीत त्याल टाकलंस," भामा सगळ्यांसमोर म्हणाली. उरणला गेल्यावर रंभाने फोडणी देणं सोडलं ते सोडलंच. नवऱ्याने समजावलं, सासूने भांडी आपटली. शेवटी त्या घरात फोडणीपुरती जाऊ चुलीपाशी यायची आणि रंभा तेवढा वेळ अंगणात जाऊन उभी राहायची. हे भामाच्या कानावर आलं होतं. लेक नेमाची आहे, असं ती चारचौघींत सांगायची.

सत्तावन्न सालच्या चैत्रात मीठ चांगलं पडत होतं. भामाचा मुलगा तुळशीराम आणि सून हौसा दोघं मिठागरावर जायची, आणि हौसाचा आठ महिन्यांचा जगन भामाच्या मांडीवर असायचा. गणू गेल्यावर घरात आलेलं हे पहिलं पोर. भामा त्याला खाली ठेवायची नाही. ठेवलंच तर शिव्या देत परत उचलायची.

मिठागरावर डोळे लाल असणं ही काही बातमी नव्हे. माघ सरला की खारं वारं आणि पांढऱ्या ढिगांवरचं ऊन यांनी थोरामोठ्यांचे डोळे तांबारतात, नाकं वाहतात. पोरांचंही तेच. "मीठ लागलंय," असं म्हणायचं, गोड्या पाण्याने डोळे धुवायचे, विषय संपला. पावसापर्यंत गावात लाल डोळ्यांचं पोर कुणी दुसऱ्यांदा पाहायचं नाही.

दुसऱ्यांदा पाहिलं ते चंद्रावतीने. ही पनवेलच्या दवाखान्यातली नर्स, तिशीची, हातात काळी छत्री, आठवड्यातून एकदा गावात यायची. भामाचं तिच्याविषयीचं मत साधं होतं. जिला स्वतःचं पोर नाही तिला पोरांतलं काय कळणार? तरी ती येईल तेव्हा भामा जवळ जाऊन बसायची, कारण आपल्या गावात आपल्या मागे कोण काय सांगतंय, हे कळलेलं बरं.

त्या दिवशी मिठागराच्या बांधावर जैतू कातकऱ्याशेजारी त्याची लेक ठकी बसली होती. सहा वर्षांची, डोळे लाल, नाक वाहतंय, कोरडा खोकला.

"हिचे डोळे कधीपासून असे?" चंद्रावतीने विचारलं.

जैतूने तोंड उघडायच्या आत भामा म्हणाली, "मिठागरावर आमचे सगल्यांचेच डोले लाल. तू पन चार दीस ऱ्हाऊन बघ."

"आणि ताप? मिठाने ताप येतो का, भामाबाई?"

भामाने ठकीच्या गळ्याला हात लावला. अंग भाजत होतं. तिने हात मागे घेतला. चंद्रावतीने ठकीला तोंड उघडायला लावलं आणि गाल बोटाने बाजूला ओढून भामाला वाकून पाहायला सांगितलं. दाढांसमोरची गालाची आतली कातडी लाल झाली होती आणि तिच्यावर बारीक पांढरे कण होते.

"मीठ खाल्लंय पोरीनं," भामा म्हणाली. जन्म मिठात गेलेली बाई, तिला दुसरं काय दिसणार?

"मग विरघळवा."

भामाने इरेला पेटून ठकीला दोनदा चूळ भरायला लावली, पदराचं टोक ओलं करून कण पुसून पाहिले. ते जागचे हलले नाहीत.

"हा गोवर आहे," चंद्रावती म्हणाली. "उद्या-परवा कानामागे पुरळ उठेल, मग तोंडावर, मग अंगभर. तेव्हा तुम्ही पाला बांधाल. पण दुसऱ्या पोरांना लागायचा तो आत्तापासून लागतोय, खोकल्यातून, शिंकेतून. आज पोरं हिच्यापासून लांब ठेवायला हवीत. आणि पुढेही पुरळ उठल्यावर चार-पाच दिवस."

"देवी टोचल्यात हिच्या."

"ती लस देवीची. गोवराची लस अजून निघालेली नाही. आपल्या हातात एवढंच, लवकर ओळखायचं आणि लांब ठेवायचं. ज्यांना येऊन गेला त्यांना परत येत नाही, त्यांनी खुशाल जवळ बसावं. ज्यांना आला नाही त्यांना आणू नका. अंगावरचं तान्हं तर मुळीच नाही."

"आनि पाया पडायला?"

"तेच तर सांगतेय. पाया पडायला नेता आणि गोवर घेऊन घरी येता."

भामा फणकाऱ्याने उठून गेली. पण तिसऱ्या दिवशी ती, कातकऱ्यांच्या झोपड्यांकडे कधी न फिरकणारी, कुणाला न सांगता तिकडे गेली आणि तिने ठकीचे केस बाजूला करून पाहिलं. कानामागे पुरळ होतं.

त्या दिवशी भामाला जेवण गेलं नाही. जगनला पायावर घेऊन ती ओटीवर बसली आणि तिने गणूचे दिवस पुन्हा पहिल्यापासून आठवले. गूळ खाल्ला तो सोमवार. पुढचा सोमवार गेला आणि त्याच्या पुढच्या शनिवारी ताप आला. फोडणी रविवारची. ताप आधीचा होता आणि फोडणी नंतरची. इतकी सरळ गोष्ट, आणि दोन वर्षं ती तिच्याच डोक्यात उलटी ठेवलेली होती. पुढच्या फेरीला तिने चंद्रावतीला, जणू दुसऱ्याच कुणाचं विचारतेय अशा आवाजात विचारलं, "फोडनीनं गोवर वाढतो काय?"

"फोडणीचा आणि गोवराचा काही संबंध नाही," चंद्रावती म्हणाली आणि पिशवी आवरायला लागली.

भामाला भीती वाटली. आपणच नातवाला हाताला धरून नेलं, हे तिला कळलं होतं, आणि ते लेकीला सांगायचं धाडस तिच्यात नव्हतं. रंभा उरणला आहे, बघू पुढे, असं म्हणून तिने ते बाजूला सारलं.

आठ दिवसांनी गावच्या जत्रेसाठी रंभा दारात उभी राहिली. बसने पनवेलला उतरून, पुढे चालत, चार वर्षांच्या कमळीला कडेवर घेऊन. लेक आली की उंबऱ्याबाहेर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं आणि मग आत घ्यायचं. भामा तुकडा आणि तांब्या घेऊन बाहेर आली. मागे दारात जगनला घेऊन हौसा उभी होती, आणि जगन कमळीकडे पाहून हात हलवत होता.

कमळीचे डोळे लाल होते.

"वारा लागला रस्त्यानं," रंभा म्हणाली. "कालपासून नाक पन वाहतंय. ओवाळ लवकर, भूक लागलीय पोरीला."

भामाने ओवाळलं नाही. तिने तुकडा तांब्यावर ठेवला, कमळीची हनुवटी धरली आणि तिला उन्हाकडे वळवून गाल ओढून पाहिला. मग वळूनही न पाहता ती म्हणाली, "हौसे, आत जा. दार लाव."

"आई?" हौसा गोंधळली.

"दार लाव म्हनते ना!"

दार लागलं. शेजारची सोनाबाई आपल्या ओटीवरून हे सगळं पाहत होती. माहेरवाशिणीच्या तोंडावर दार लागलेलं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. रंभाचा चेहरा उतरला.

"माज्या पोरीला दारातनं घालवतेस?"

"गोवर हाय तिला."

रंभा मटकन खाली बसली. तिने कमळीला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली. "पन मी फोडनी देत नाय, आई," ती म्हणाली. "दोन वरसं झाली. एकदा पन नाय. मी काय केलं आता?"

भामाला बोलायची हीच जागा होती. तिच्या तोंडाशी आलंही. पण सोनाबाई ओटीवर उभी होती, पलीकडची आणखी दोन दारं उघडली होती, आणि भामाचा धीर सुटला. "चल माज्यासंगं," एवढंच ती म्हणाली.

मिठागरावर तुळशीरामची झावळ्यांची झोपडी होती, हत्यारं ठेवायची. भामाने ती झाडली, घोंगडी अंथरली, उन्हाच्या बाजूला लुगडं टांगलं, म्हणजे कमळीच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये. गोवर भामाला लहानपणी येऊन गेला होता, रंभालाही. त्या दोघींनी तिथे राहायचं आणि हौसाने पाणी, पेज, भाकरी लांबच्या बांधावर ठेवून मागे फिरायचं, असं ठरलं. जगनला बांधाकडेही आणायचं नाही. तुळशीराम म्हणाला, "आई, जत्रेत लोक काय म्हनतील?" भामा म्हणाली, "काय म्हनायचं ते म्हनू दे," आणि स्वतःच्याच वाक्याचं तिला नवल वाटलं.

चंद्रावती आली, छाती तपासली, माशाच्या तेलाची बाटली देऊन गेली. पाणी, पेज, दूध जे घेईल ते देत राहा, उपाशी ठेवू नका, श्वास भराभर चालला किंवा पोर पाणी घेईना झाली तर वाट पाहत बसू नका, तडक दवाखान्यात आणा, असं तिने दोनदा सांगितलं. माउली आलेल्या ठिकाणी माशाचं तेल! भामाने बाटली उघडली, वास घेतला, डोळे मिटले आणि चमचा कमळीच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी कानामागे पुरळ आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते छातीवर उतरलं, ताप चढला आणि कमळी डोळे उघडेना. रंभा तिच्या उशाशी बसून श्वास ऐकत होती. गणूचाही तिने असाच ऐकला होता. भामाला लेकीचा तो चेहरा बघवेना. दुपारी कमळीने चार घोट पेज घेतली आणि झोपली, तेव्हा भामा म्हणाली, "रंभे, गनूचं तुजं काय चुकलं नवतं."

रंभाने मान वर केली.

"मी नेलं त्याला रामूकडं. मी गूल दिला. तितूनच लागलं त्याला. तू फोडनी दिलीस त्याच्या आदल्या दिशी ताप व्हता. मना कलत नवतं तवा. आता कललंय."

"कवा कललं?"

"तू यायच्या आदी."

"म्हंजे दारात मी विचारलं तवा तुला ठावं व्हतं."

"व्हतं."

रंभा बराच वेळ कमळीच्या अंगावरचं फडकं सारखं करत राहिली. ते सारखंच होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मना बोललीस तवा सारं गाव व्हतं अंगनात. आता कोन हाय हितं?"

त्यानंतर ती आईशी बोलली नाही. हवं ते मागायची, दिलेलं घ्यायची, बस्स. भामा बाहेर बांधावर जाऊन बसली. समोर दूर कर्नाळ्याचा सुळका उन्हात धूसर दिसत होता. आपण सांगून टाकलं की मन हलकं होईल, अशी तिची समजूत होती. झालं नाही.

पुरळाचा तिसरा दिवस आणि जत्रेचा पहिला दिवस एकच आला. सकाळी सोनाबाई पुढे, मागे सात-आठ बायका आणि त्यांच्यामागे दहा-बारा पोरं, नवे कपडे, भांग पाडलेले, अशी वरात मिठागराच्या वाटेने आली. नारळ होता, हळद-कुंकू होतं, गूळ होता. भामा बोलवायला आली नाही म्हणून त्या आपणहून आल्या होत्या. नेम तो नेम. एकीच्या कडेवर रांगायच्या वयाचं पोर होतं.

भामा उठली आणि बांधाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "हितंच थांबा. नारल ठेवा नि पोरं घरी न्या."

"पाया पडवून नेतो," सोनाबाई म्हणाली.

"नाय."

"तूच तर आमाला शिकवलंस, भामे. आता तुज्या घरी माउली आली नि तूच आडवी? नर्सबायनं बाटवलं काय तुला?" मागच्या बायका हसल्या.

झोपडीच्या दारात रंभा येऊन उभी होती. भामाने तिच्याकडे पाहिलं आणि मग बायकांकडे.

"ऐका," ती म्हणाली. "माजा गनू फोडनीनं गेला नाय. मी त्याला हाताला धरून रामूच्या पाया पडायला नेला, तितून गोवर घेऊन आला नि गेला. रंभाचा काय दोष नवता. मी तुमच्या सगल्यांसमोर तिच्या माथी मारलं. खोटं व्हतं ते. मी चुकले. आता कोनचं पोर म्होरं आलं तर मी त्याला खाडीत ढकलीन, पन झोपडीत जाऊ देनार नाय."

कुणी हसलं नाही. रांगत्या पोराच्या आईने पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे सरली. सोनाबाईची मात्र नजर खाली गेली. तिच्या रामूच्या वेळी गूळ खायला अकरा पोरं आली होती, आणि त्यातली गणू धरून दोन आता नव्हती. तिने नारळ बांधावर ठेवला, गूळ पदरात बांधला आणि पोरांना वळवलं. वाटेत बायका भामाविषयी काय बोलल्या ते भामाने ऐकलं नाही, पण अंदाज केला, आणि तो बरोबर होता. त्या सालापासून गोवरासाठी तिला कुणी पहिल्यासारखं मानाने बोलावलं नाही. पोराचे डोळे लाल झाले की मात्र काही आया गुपचूप येऊन गाल दाखवून जात.

ताप त्याच संध्याकाळी थोडा उतरला. कमळी वाचली. हौसाच्या जगनला काही झालं नाही, पण ते कळायला पुढे तीन आठवडे जायचे होते आणि ते तिन्ही आठवडे भामाने रोज लांबूनच त्याची चौकशी केली.

पण हे नंतरचं. त्या दिवशी बायका गेल्यावर रंभा बांधावर आली आणि दोन शेतांपलीकडे भाकरी ठेवायला आलेल्या हौसाला तिने हाक मारली, "वैनी, वाल आन थोडे. नि त्याल. नि मोहरी."

हौसा जागीच उभी राहिली. मग काही न विचारता घराकडे धावत गेली.

रंभाने तीन दगडांवर आमटी शिजवली. मग कढईत तेल घातलं, ते तापेपर्यंत त्याकडे बघत राहिली, आणि मोहरी टाकली. मोहरी तडतडली तसा भामाचा हात सवयीने पुढे गेला, थांबवायला. माउली अजून घरात होती. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग भामाने तो मांडीवर परत ठेवला.

रंभाने पहिली वाटी आईपुढे सरकवली. ती भामाकडे बघत नव्हती, चुलीकडे बघत होती.

"त्यानंच मागितली व्हती त्या दिशी," ती म्हणाली. "तापानं तोंडाला चव नाय म्हनला. आये, फोडनीची आमटी कर म्हनला. म्हनून केली व्हती."

भामाने वाटी उचलली. आमटी कढत होती. ती निवायची वाट न पाहता भामा खाऊ लागली आणि खाता खाता रडू लागली, आणि रंभाने तिला रडू दिलं.